निळ्या शहरातली सुमन

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. भास्करराव, म्हणजे सुमनचे यजमान, फोन केला की आधी "वहिनी, जेवण झालं का?" असंच विचारतात, गेल्या चाळीस वर्षांत त्यात बदल नाही. त्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी म्हटलं, अहो, आत्ता कुठलं जेवण... मग म्हणाले, "सुमन गेली, वहिनी. चहा ठेवून येतो म्हटलं, तेवढ्यात गेली." मी "बरं" म्हटलं. इतक्या वर्षांच्या नणंदेच्या जाण्यावर माझ्या तोंडून निघालेला शब्द हा. फोन ठेवल्यावर मी उरलेली कोथिंबीरही निवडून टाकली, देठ वेगळे, पानं वेगळी.

आठ दिवस आधीच मी सिडकोतल्या तिच्या घरी जाऊन आले होते. हृदय थकलंय असं डॉक्टर सांगत होते, पण ती उशीला टेकून छान बोलत होती. सटाण्याकडचं माहेर, देवळ्याचं सासर. त्यामुळे लग्नानंतरचा सगळा जन्म नाशकात काढूनही तिच्या तोंडची अहिराणी गेली नव्हती. मी निघायला उठले तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "वहिनी, तिसरा भाग कव्हय?" कव्हय म्हणजे कधी. मी तेच उत्तर दिलं, जे बारा वर्षं देत आले होते. म्हटलं, तू बरी हो, मग बसू निवांत. मला त्या संध्याकाळी एका ओळखीच्या मुलीच्या गाण्याला जायचं होतं. गाणं बेताचंच झालं.

तिसरा भाग म्हणजे पोथीचा नव्हे आणि टीव्हीवरच्या मालिकेचाही नव्हे. व्हिडिओ गेमचा. सुमन ही माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, गेली तेव्हा अडुसष्ट वर्षांची. मी तिची वहिनी, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, निवृत्त शिक्षिका आणि दोन नातवंडांची आजी. आणि आम्ही दोघी एके काळी रोज दुपारी, पंखा चारवर ठेवून, कॉम्प्युटरसमोर बसून गोळ्या झाडत होतो. हे वाक्य छापायला द्यायला मला बावीस वर्षं लागली आहेत. ती का लागली, तेच सांगायला बसले आहे.

आमचा निखिल इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि होस्टेलवर पहिल्या वर्षी कॉम्प्युटर नेऊ देत नव्हते म्हणून त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. मी रोज तो देव्हाऱ्यासारखा पुसायचे आणि वर क्रोशाचं आवरण घालायचे. माझी शाळा सकाळची, एकला घरी. सुमन सिडकोतून बसनं दीडला यायची, कारण भास्करराव सातपूरला कारखान्यात आणि तिचं घर दुपारी रिकामं. आम्ही गहू निवडायचो, नातेवाईक निवडायचो. एकदा तिनं त्या क्रोशाकडे बोट दाखवून म्हटलं, हे नुसतं झाकून ठेवायला घेतलंय का? मी तेव्हा स्वतःला फार आधुनिक समजत असे. शाळेनं आम्हा शिक्षकांना कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता आणि त्यात मला चांगले मार्क होते; म्हणजे मला फाइल उघडता आणि बंद करता यायची. त्या जोरावर मी मशीन सुरू केलं, आणि कोर्समधली फाइल शोधता शोधता निखिलचा गेम उघडून बसले. काळोखी रात्र, निळे-जांभळे दिवे, आभाळाला टेकलेल्या इमारती, आणि समोर डावा हात पोलादाचा असलेली एक बाई.

खोक्यावर सायबरपंक असा शब्द होता. माझ्या शब्दकोशात तो नव्हता, म्हणून मी सुमनला ठोकून सांगितलं की हे कंपनीचं नाव असणार. पुढे निखिलनं फोनवर समजावलं: पुढच्या काळातलं शहर, यंत्रं अफाट पुढे गेलेली, माणसाच्या अंगातसुद्धा यंत्रं बसवलेली, सत्ता मोठमोठ्या कंपन्यांची, आणि गरिबाचे हाल मात्र तेच. सुमन म्हणाली, "म्हणजे सातपूरच ना." गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला निळं शहर म्हणू लागलो. सुरुवातीलाच त्यानं बाईचं नाव विचारलं. मी काहीतरी इंग्रजी टाकणार, तेवढ्यात सुमननं एकेका बोटानं GODA टाइप केलं. गोदा. झालं बारसं.

आता ज्यांनी असला गेम कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डाव्या हातानं कीबोर्डची चार बटणं दाबली की गोदा चालते: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. उजव्या हातानं माउस फिरवला की तिची मान वळते आणि बटण दाबलं की गोळी सुटते. हे सगळं एकाच माणसानं दोन हातांनी करायचं असतं. आम्हाला ते माहीतच नव्हतं. टेबल लहान, खुर्च्या दोन. उजवी खुर्ची मी पटकावली आणि माउसवर हात ठेवला, कारण खडू बाईंच्याच हातात हवा. सुमनकडे उरली ती चार बटणं. तिनं कपाळावरच्या लाल टिकल्यांच्या पाकिटातून चार टिकल्या काढल्या, त्या बटणांवर चिकटवल्या आणि म्हणाली, "मी पाय, तू डोया." डोया म्हणजे डोळे. दिवाळीला निखिल आला आणि त्यानं आम्हाला खेळताना पाहिलं तेव्हा तो हसून हसून जमिनीवर बसला. एका बाईला दोघी मिळून चालवताय, म्हणाला. शिकवतो, एकटीला जमेल. सुमननं त्याला सांगितलं, "नको रे बाबा. एकली कसाले खेळू?"

मला मात्र बरीच वर्षं वाटत राहिलं की गेम मीच खेळते आणि सुमन मला इकडून तिकडे नेऊन सोडते. रिक्षावाल्याकडे पाहावं तसं मी तिच्या हाताकडे पाहत असे. मला घाई असायची; मोहीम, शत्रू, पुढचा टप्पा. आणि ती चालायची रमतगमत. बाजारातल्या बोळाला तिनं नाशकातल्या गर्दीच्या पेठेवरून भद्रकाली नाव दिलं होतं. तिथं शिरलं की तिची बोटं बटणांवरून उचललीच जायची नाहीत. या टपरीपाशी थांब, त्या दुकानात डोकाव. मी ओरडायचे, अगं पळ, मागून मारतायत. ती म्हणायची, "थांब ना व वहिनी, दुकान उघडं शे." त्या दुकानात घेण्यासारखं काही नसायचंच. तिला तिथली वाफ पाहायची असायची. शेवयांच्या वाडग्यातून वाफ वर जाताना दाखवली होती, आणि ती करणाऱ्या माणसानं किती जीव लावून केलीय, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. मला दिसायची ती फक्त बंदुकीच्या टोकाची लाल खूण. डोळे माझ्याकडे होते आणि पाहत ती होती!

एक फजिती सांगितलीच पाहिजे. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक मंदिरासारखी जागा येते. पणत्यांसारखे दिवे, धूप, मधे एक भलं मोठं यंत्र आणि त्यापुढे हात जोडलेली माणसं. दारापाशी सुमनची बोटं थांबली. बूट, म्हणाली. मी म्हटलं, काय बूट? तर म्हणे, गोदाच्या पायात बूट आहेत, अशी कशी आत जाईल. मी म्हटलं, सुमन, हा गेम आहे. "गेम राहो की काही राहो," ती म्हणाली, "देव तर शे." आणि खरं सांगते, माझाही हात पुढे गेला नाही. मी गोदाच्या सामानाची पेटी उघडली, बूट काढले, आणि आम्ही तिला अनवाणी आत नेलं. आतली फरशी विजेची होती. ते बूट आम्हाला दोन टप्पे आधी मुद्दाम त्याच फरशीसाठी दिले होते, हे आम्हाला नंतर कळलं. गोदा तीन पावलांत गेली. आणि दारापाशी, बूट काढल्यानंतर, मी हुशारीनं सेव्ह केलेलं, म्हणजे तिथपर्यंतचा खेळ साठवून ठेवलेला, तेही जुन्या सेव्हवरच. बूट पेटीबाहेर टाकले होते ते नाहीसे झाले. आठ दिवसांचा खेळ पाण्यात. मी चिडले, सुमन हसत सुटली, मग मीही. दुसऱ्या वेळी आम्ही दारातून आत नमस्कार केला, म्हणजे मी मान खाली-वर केली, आणि बूट घालूनच गेलो. सुमननं आधी माफी मागितली होती... यंत्राची.

पुढे दुसरा भाग आला तोही आम्ही असाच खेळलो. निखिल नोकरीला लागला, मशीन बदललं, टिकल्या नव्या लागल्या. गोदाला दोन्ही डोळे यंत्राचे बसले. दुपारी दीडची सुमन चुकली नाही. आणि मग निखिलचं लग्न ठरायला आलं.

ऋताच्या घरचे सिन्नरहून बोलणी करायला आले, तो रविवार. माझं वय छप्पन, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सासू होणार होते. त्या छप्पन वर्षांच्या बाईला मी आज भेटले तर तिच्या चष्म्याची काडी मोडीन. तिनं सकाळपासून घरातली प्रत्येक उशी तीनदा सरळ केली होती. तिनं कपाटातून इंग्रजी पुस्तकं काढून दर्शनी ठेवली होती. फक्त दुसऱ्या भागाचं खोकं कॉम्प्युटरजवळ तसंच राहिलं, वर अर्धा चेहरा पोलादाचा असलेली बाई आणि तिच्या हातात बंदूक. सुमन मुलाची आत्या, तिचा मान मोठा. नवी पैठणी नेसून सोफ्यावर बसली होती, हळदीकुंकवाची कोयरी हातात. ऋताच्या आईनं सहज खोकं उचललं आणि हसून विचारलं, हे कोण खेळतं? निखिल तोंड उघडणार होता. त्याचा चेहरा असा फुलला होता की तो अभिमानानं "आई" म्हणणार, हे मला दिसलं. त्याच्या आत मी बोलले.

"अहो, हे आमच्या वन्संचं वेड," मी म्हटलं. "मूलबाळ नाही ना, दुपार जात नाही त्यांची."

वन्सं! जन्मात मी तिला सुमनखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. पाहुण्यांपुढे वन्सं, आणि पुढे ते वाक्य. सुमननं माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे जेमतेम. कोयरीचं झाकण लावण्याइतका वेळ. मग ती ऋताच्या आईकडे वळून हसली आणि म्हणाली, "हो ना, माझंच. वहिनीला तर बटणसुद्धा दाबता येत नाही." सगळे हसले. मीही. तिनं सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं, मलाही. तिचा हात थरथरला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. तो थरथरला नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजला, दोन वाजले. मला वाटलं, दमली असेल. तिसऱ्या दिवशी मला कळलं, पण मी कळल्याचं स्वतःला कळू दिलं नाही. आठवडाभरानं मी दोन्ही भागांची खोकी आणि सीड्या पिशवीत घालून निखिलबरोबर तिच्याकडे पाठवून दिल्या. ऋता घरात यायच्या आत मला त्या वस्तू घरात नको होत्या. निरोप दिला, तुझ्याकडेच राहू दे. तो निरोप तिला कसा ऐकू गेला असेल, याचा विचार मी पुढली पंधरा वर्षं केला नाही. लग्नात ती नाचली. सणावारी यायची, नातवंडांसाठी सांजोऱ्या आणायची. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं. फक्त दुपारी ती पुन्हा कधी आली नाही.

अपवाद एकच. तीनेक वर्षांनी ती अचानक दीडला दारात उभी राहिली, हातात तिसरा भाग. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि धाकटा नातू मांडीवर होता. तिनं खोकं टेबलावर ठेवलं आणि डाव्या बाजूला खुर्ची ओढली. आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, अगं, आता आजी झाले मी, शोभतं का? बघू पुढे. एकोणसाठाव्या वर्षी मला म्हातारपणाची कोण घाई! आज एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्यांना तेल चोळून खेळायला बसते, तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या तरुण मूर्ख बाईचा मला हेवा वाटतो. सुमन पाच मिनिटं बसली, नातवाचे पाय दाबून दिले आणि खोकं उचलून गेली. पुढे भास्कररावांनी तिला घरी मशीन घेऊन दिल्याचं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. दर भेटीत ती एकदा विचारायची, तिसरा भाग कव्हय, आणि मी बघू म्हणायचे. तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा. असता तर मी उलट बोलले असते, आणि कदाचित तिथंच सगळं बाहेर पडलं असतं.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. भास्कररावांच्या पुतण्यानं सगळं केलं. पिंड ठेवले, माणसं मागे सरली. समोरच्या कठड्यावर सात-आठ कावळे ओळीनं, पण एकही खाली येईना. अशा वेळी जवळची माणसं पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात, हे आपल्याला माहीत आहेच. पुतण्या म्हणाला, काकू, काकांना आम्ही अंतर देणार नाही. निखिल म्हणाला, आत्या, दर रविवारी मी काकांकडे जेवीन. कोणी तिच्या आवडत्या पुरणपोळीचं बोललं. कावळे हलले नाहीत. भास्कररावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. वाक्य माझ्या ओठांवर होतं: सुमन, तिसरा भाग खेळीन मी. माझ्या डाव्या हाताला ऋताचे वडील उभे होते, हात जोडून, टोपी काढून. मी पुढे झाले आणि म्हटलं, "सुमन, तुझ्या झाडांना पाणी घालीन." इतकी वर्षं चौथीला परिसर अभ्यास शिकवला आहे मी, कावळा भूक लागली की येतो आणि पोट भरलेलं असलं की येत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी त्या कावळ्यांपुढे मला मान वर करता येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. माणसं पायऱ्या चढू लागली. त्याच त्या मंडळींपुढे मी सुमनला दुसऱ्यांदा नाकारलं होतं, आणि या वेळी माझी बाजू सावरून घ्यायला ती नव्हती.

चार दिवसांनी भास्करराव तिचं मशीन आणि तिन्ही भागांची खोकी रिक्षात घालून आले. माझ्याकडे पडून राहील, तुम्हीच ठेवा, म्हणाले. मी विचारलं, खेळायची का हो ती? रोज दुपारी, ते म्हणाले, अर्धा-पाऊण तास. मग म्हणाले, "पण एकाच हातानं. मी तिला म्हटलं, अगं तो माउस धर की. तर म्हणे, माउस वहिनीना शे." वहिनीना म्हणजे वहिनीचा. ते निघून गेल्यावर मी त्या मशीनवर एक चादर टाकली आणि तीन दिवस त्या खोलीत गेले नाही.

मग मी ऋताला सगळं सांगितलं. ती चपात्या लाटत होती. बोलण्यांच्या त्या रविवारी खोटा आळ मी कुणावर घातला, तेही. तिनं लाटणं थांबवलं नाही, पण चपाती वाकडी होत गेली. "आई," ती शेवटी म्हणाली, "मी पंधरा वर्षं त्यांच्याशी बिचारीसारखी वागले. मुलं त्यांच्या मांडीवर देताना वाटायचं, यांना वाईट वाटेल. त्यांच्यासमोर मी मुलांचं कौतुकसुद्धा जपून केलं." मला वाटत होतं माझं ते एक वाक्य त्या रविवारी बोलून संपलं. ते आमच्या घरात रोज वाढलं जात होतं, आणि सुमन ते रोज गिळत होती.

म्हणून मी मशीनवरची चादर काढली आणि आधी पहिला भाग लावला. दोन महिने होत आले, मी पुन्हा निळ्या शहरात आहे, या वेळी दोन्ही हातांनी. काय सांगू... बावीस वर्षांपूर्वी डोळे दिपवणारं ते शहर आता पुठ्ठ्याचं दिसतं. माणसांची बोटं चिकटलेली, इमारतींच्या कडा करवतीसारख्या. वाफ मात्र अजून सुंदर आहे. आणि मला चालता येत नाही. उजवा हात झटक्यात वळतो, नेम अजून पक्का आहे, पण डाव्या हाताला काही म्हणजे काही ठाऊक नाही. गोदा भिंतीला नाक लावून उभी राहते, नाल्यात पडते, दारातून जायचं तर चौकटीवर आपटते. सुमन तिला अशी अलगद न्यायची की ती चालतेय हे मला जाणवायचंही नाही. भद्रकालीच्या त्या बोळातून टपरीपर्यंत पोचायला मला परवा दुपारी वीस मिनिटं लागली. पोचले, आणि थांबले. पळायची घाई कोणाला आहे आता.

माझ्या व्याह्यांकडे सिन्नरला ही पुरवणी येते आणि ते ती शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून इथेच सांगते. ते वेड माझं होतं. खोकंही माझं होतं. माझ्या नणंदेची दुपार अगदी छान जात होती. ती माझ्याबरोबर जात होती. रामकुंडावर मी झाडांना पाणी घालायचा शब्द दिला तो खोटा नव्हता, घालतेही आहे, पण तिला तो नको होता.

तिसरा भाग उघडायचं धैर्य मला गेल्या आठवड्यात झालं. सेव्ह केलेल्या जागांची यादी लांबच लांब निघाली, प्रत्येकीपुढे त्या क्षणाचं छोटं चित्र. मी एकेक पाहत गेले आणि माझ्या ध्यानात आलं की प्रत्येक चित्रात समोर तोच एक काळा मनोरा आहे. कधी लांब, कधी जवळ, कधी थोडा डावीकडे सरकलेला. माउसला हात न लावता मान वळत नाही. बारा वर्षं ती त्या एकाच वस्तीत पुढे, मागे आणि खेकड्यासारखी आडवी चालत राहिली होती, एकाच दिशेला तोंड करून. बंदुकीतल्या गोळ्या सुरुवातीला देतात तितक्याच, एकही न झाडलेली. शेवटचं सेव्ह उघडलं. गोदा उभी होती, समोर मनोरा, पुढे बंद फाटक. गेमचं नाव सांगून निखिलला फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, पहिल्या वस्तीत कोणी अर्ध्या तासापेक्षा जास्त राहत नाही, वाट अगदी सोपी आहे.

मी बराच वेळ माउसवर हात ठेवून बसले. हलवला की तिनं शेवटचं पाहिलं होतं ते चित्र जाणार होतं. पण तेवढ्यासाठीच तर तिनं माउस बारा वर्षं मोकळा ठेवला होता. मी मनगट वळवलं, एवढंसं, पोळी उलटायला वळवतो तितकं. गोदाची मान फिरली. तिच्या पाठीमागे, वीस पावलांवर, रुंद पायऱ्या खाली नदीवर उतरत होत्या. पलीकडच्या तीरावर सगळं शहर दिव्यांनी लखलखत होतं, आम्ही दोन भागांत पाहिलं होतं त्याच्या दहापट. आणि शेवटच्या पायरीला एक नाव लागलेली होती, दार उघडं, आतले दिवे चालू, आणि नावाडी आमच्याकडे पाहत हात हलवत होता.